‘तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं’ हे खरं नाही


इराक युद्धावरचं गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने उपलब्ध माहितीवर प्रामाणिक निर्णय घेतला, असं पत्रलेखक म्हणतात. त्यांनी तारखा पाहाव्यात. विमानं पळवणाऱ्या १९ जणांत १५ सौदी होते, इराकी एकही नव्हता. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पांढऱ्या भुकटीची इवलीशी कुपी बोटांत धरून इराककडच्या अँथ्रॅक्सची भीती घातली. ७ मार्चला त्याच परिषदेत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सांगितलं, की इराकने नायजरकडून युरेनियम घेऊ पाहिल्याची कागदपत्रं खरी नाहीत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या नळ्या अण्वस्त्रांसाठी असल्याचं अमेरिका म्हणत होती, त्या रॉकेटखेरीज कशासाठी होत्या याचा पुरावा मिळालेला नाही. इराकमधल्या शस्त्रतपासणीचे संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांना तपासाला आणखी काही महिने हवे होते. तेरा दिवसांत बगदादवर बॉम्ब पडू लागले! मग ही ‘उपलब्ध माहिती’ कोणती?

हल्ल्यात गेलेल्यांबद्दल मलाही तितकीच कळकळ आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर भलत्याच देशावर केलेली चढाई मला पटत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांच्या देशप्रेमावर तेव्हाही शंका घेतली गेली. पत्रलेखकांनी तरी आज ते करू नये.

— एक वाचक, सातारा