पाण्याखालचे पासपोर्ट

डायव्हिंगच्या बोटीवर दोन डाइव्हच्या मध्ये तासभर काहीच काम नसतं. अंगात मुरलेला नायट्रोजन कमी होईपर्यंत बिस्किटं खायची आणि गप्पा हाणायच्या. गप्पांचा ठरलेला विषय: कुठल्या देशाचे लोक पाण्याखाली कसे वागतात. लाल समुद्र असो की अंदमान, विनोद तेच.

जर्मन माणूस म्हणे डाइव्हआधी यादी तपासतो, आणि ती तपासली का हे बघायला दुसरी यादी काढतो. फ्रेंच माणसाला सांगा, ३० मीटरच्या खाली जायचं नाही. तो छान मान डोलावतो आणि ४५ वर भेटतो. जपानी माणूस नखाएवढ्या समुद्री गोगलगायीचे फोटो काढत अख्खा सिलिंडर संपवतो. ब्रिटिशाला पाच मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की घरी आल्यासारखं वाटतं. आणि आपण? आपल्याला पोहता येत नाही, पण आपण खूश होऊन अंगठा दाखवतो. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. गाइड बिचारा वर घेऊन येतो!

हसू येतं राव, मलाही येतं. पण जरा खोदून पाहिलं तर यात रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही. कोण कुठल्या पाण्यात शिकला आणि कुठल्या पुस्तकातून, एवढाच मामला आहे. ब्रिटिशांचा राष्ट्रीय डायव्हिंग क्लब १९५३ चा. तिथले कित्येक जण स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या दगडखाणीत, गारठ्यात शिकतात. मग सुट्टीत स्कापा फ्लोला जाऊन बुडालेल्या जर्मन युद्धनौका बघतात. (१९१९ साली त्या बुडवल्या जर्मनांनीच. यादी करूनच बुडवल्या असणार.) फ्रेंचांचंही तसंच. कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग बनवलं, आणि तिथल्या प्रशिक्षणात साध्या हवेवर ६० मीटरपर्यंत जायची वरची पायरी आहे. अमेरिकन पद्धतीत हौशी डायव्हरची हद्द ४० मीटर. म्हणजे फ्रेंच माणूस बेशिस्त नसतो, त्याचं मॅन्युअलच वेगळं असतं.

आपलं तर आणखी सोपं. बहुतेकांची पहिली डाइव्ह तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला. पोहता यायची अट नाही, गाइड मागून सिलिंडर धरतो, थोडा वेळ मासे बघायचे, व्हिडिओ घ्यायचा. हे प्रॉडक्टच तसं बनवलंय. त्यावरून अख्ख्या देशाला नाव ठेवणं म्हणजे डेमो व्हर्जन बघून सॉफ्टवेअरला शिव्या देणं.

तरी विनोद म्हणून ठीक आहे. भानगड होते ती गाइडच्या डोक्यात तो डीफॉल्ट व्हॅल्यू होऊन बसला की. अमेरिकन अनुभवी दिसतो, म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही. '५० उरले की खूण कर' एवढंच सांगतात. गाइडच्या मनात असतात ५० बार. त्याचा मीटर मात्र पीएसआयमध्ये, आणि त्यावर ५० म्हणजे सिलिंडर जवळपास रिकामा! ५० बार म्हणजे सुमारे ७२५ पीएसआय होतात. हे बोटीवर अर्ध्या मिनिटात बोलून घेता येतं. शेवटची डाइव्ह कधी केली, कसल्या पाण्यात, मीटर कुठला. पासपोर्टचा रंग यातलं एकही सांगत नाही.

उलट बाजूही तितकीच वैतागवाणी. माझ्या ओळखीतल्या पुण्याच्या एका मुलीच्या शंभरावर डाइव्ह झाल्यात. परदेशातल्या एका बोटीवर गाइडने तिचं लॉगबुक उघडलंसुद्धा नाही. नाव बघितलं, आणि पाण्यात उतरल्यापासून तिचा सिलिंडर धरून बसला. तिथे एक धडधाकट युरोपियन गृहस्थ वरखाली बुचकळत होते, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी हिने खिशातली लिहायची पाटी काढली आणि पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला सोड, त्याला धर'.