विश्लेषण : पाकिटावर ‘प्रीमियम’, आत काय? कुत्र्याचे तयार खाद्य पारखायचे कसे?

दूध-पोळी, उरलेला भात किंवा खाटकाकडून आणलेली छाटण हे कुत्र्याचे जेवण शहरांतून मागे पडत चालले आहे. त्याची जागा तयार खाद्याच्या पाकिटाने घेतली असून या बाजारात बडे उद्योगसमूहही उतरले आहेत. किलोमागे दोन-अडीचशे रुपयांपासून हजार रुपयांच्या पुढे जाणारी ही पाकिटे ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’, ‘ग्रेन-फ्री’ अशा विशेषणांनी सजलेली असतात. मात्र माणसाच्या बिस्किटाच्या पुड्याला लागू असलेला अन्नसुरक्षा कायदा या पाकिटाला लागू नाही. त्यामुळे पारख करण्याचा भार जवळपास पूर्णपणे ग्राहकावर येतो.

बाजारात चुरस का वाढली?

गेली अनेक वर्षे भारतात कुत्र्याचे तयार खाद्य म्हणजे मार्स कंपनीचे ‘पेडिग्री’ असे समीकरण होते. आता ‘ड्रूल्स’, ‘रॉयल कॅनिन’, ‘प्युरिना’, ‘हिमालया’ असे अनेक पर्याय दिसतात. नेस्ले इंडियाने २०२२ मध्ये ‘प्युरिना’चा भारतातील व्यवसाय आपल्याकडे घेतला. गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २०२४ मध्ये या क्षेत्रात पाच वर्षांत ५०० कोटी रुपये गुंतवण्याची घोषणा केली. मूळच्या छत्तीसगडमधील ‘ड्रूल्स’मध्ये २०२५ साली नेस्लेच्या मूळ स्विस कंपनीने अल्प हिस्सा घेतला. स्पर्धा वाढल्याने पर्याय वाढले, पण त्याबरोबर जाहिरातींचा गलबलाही वाढला. माणूस रोज निरनिराळे पदार्थ खातो, त्यामुळे एखाद्या पदार्थातील उणीव दुसऱ्याने भरून निघते. कुत्रा मात्र महिनोन्‌महिने एकाच पाकिटातले खातो. त्यात काही कमी-जास्त असेल तर तेही रोज त्याच्या पोटात जाते.

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न’ म्हणजे मानवी सेवनासाठीचा पदार्थ. याच व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. म्हणून श्वानखाद्यासाठी या कायद्याखालील परवाना, नमुने घेणे किंवा लेबलचे नियम लागू होत नाहीत. भारतीय मानक ब्युरोचे श्वान आणि मांजर खाद्यासाठी मानक आहे. पण ब्युरोची मानके मुळात ऐच्छिक असतात. हेल्मेटसारख्या वस्तूंबाबत झाले तसे केंद्राने गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला तरच ती बंधनकारक होतात. आयात खाद्यासाठी केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धविकास विभागाचा परवाना आणि निर्यातदार देशाचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मात्र त्यामागचा हेतू परदेशातून रोग येऊ नये हा आहे, पोषणमूल्य तपासण्याचा नाही. वैधमापन नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि ग्राहक संपर्क छापावा लागतो. म्हणजे पिशवीत दहा किलो माल आहे याची हमी कायदा देतो. तो दहा किलो माल कसा आहे याची नाही.

‘प्रथिने २४ टक्के’ या आकड्यावर किती विसंबावे?

पाकिटावर छापलेले ‘क्रूड प्रोटीन’ हे थेट मोजलेले प्रथिन नसते. प्रयोगशाळेत नमुन्यातील नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन मांसातून आला की पिसांच्या भुकटीतून, हे या चाचणीला कळत नाही. या त्रुटीचा गैरफायदा २००७ साली उघड झाला. चीनमधून अमेरिकेत आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळलेले निघाले. प्रथिनांचा आकडा फुगला, पण ते खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अनेक नाममुद्रांची उत्पादने बाजारातून परत मागवावी लागली. पुढच्याच वर्षी हीच भेसळ चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत सापडली. सुमारे तीन लाख मुले बाधित झाली आणि सहा बालकांचा मृत्यू झाला. म्हणून प्रथिनांचा आकडा पाहावा, पण ते प्रथिन कशातून आले हेही पाहावे.

घटकांची यादी कशी वाचायची?

चांगल्या पद्धतीने छापलेल्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. हे वजन शिजवण्याआधीचे असते. ‘ताजे चिकन’ पहिल्या क्रमांकावर दिसले तरी त्यात सुमारे ७० टक्के पाणीच असते, ते वाळल्यावर हा घटक बराच खाली घसरतो. याउलट ‘चिकन मील’ ही आधीच वाळवलेली भुकटी असल्याने तेवढ्याच वजनात प्रथिने अधिक असतात. दुसरी युक्ती म्हणजे एकच घटक तोडून लिहिणे. मका, मक्याचे पीठ आणि मक्याचे ग्लुटेन असे वेगवेगळे लिहिले की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि मांस वर राहते. ‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दाने मात्र दचकायचे कारण नाही. यकृत, मूत्रपिंड, हृदय हे अवयव त्यात मोडतात आणि ते पौष्टिक असतात. अडचण असते ती प्राण्याचे नाव न लिहिता केवळ ‘मांस व प्राणिजन्य पदार्थ’ असे मोघम लिहिण्याची. कारण त्यात दर वेळी वेगळा माल घालायला मोकळीक राहते.

पाकिटावरचे सर्वात महत्त्वाचे वाक्य कोणते?

‘परिपूर्ण आणि संतुलित’ हे शब्द आणि त्यापुढे वयोगटाचा उल्लेख. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेला मजकूर जाहिरातीचा असतो, हे वाक्य बहुधा मागे बारीक अक्षरांत असते. अमेरिकेतील ‘आफ्को’ (असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स) आणि युरोपातील ‘फेडियाफ’ यांच्या पोषणमानकांचा आधार त्यासाठी घेतला जातो. ‘आफ्को’नुसार खाद्यातील पाणी वजा केल्यावर प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के, तर वाढत्या पिल्लांसाठी किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत. खाद्य या मानकांनुसार ‘तयार केले आहे’ की प्रत्यक्ष कुत्र्यांना ‘खाऊ घालून तपासले आहे’, हा फरकही तेथे लिहिलेला असतो. प्रौढ कुत्र्यांसाठीची अशी चाचणी २६ आठवडे चालते आणि त्यात किमान आठ कुत्रे असतात. ‘आफ्को’ स्वतः कोणत्याही खाद्याची तपासणी करत नाही किंवा त्याला मान्यता देत नाही. त्यामुळे ‘आफ्कोमान्य’ असे छापलेले पाकीट दिसल्यास तो दावाच संशयास्पद समजावा. ‘पूरक खाद्य’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिलेल्या वस्तू रोजच्या जेवणाऐवजी देण्यासाठी नसतात.

धान्यविरहित खाद्य अधिक चांगले का?

कुत्रा लांडग्याचा वंशज असल्याने त्याला धान्य पचत नाही, असा प्रचार केला जातो. २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने वेगळे चित्र मांडले. माणसाबरोबर राहताना कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत कितीतरी वाढल्या आहेत. शिजवलेला तांदूळ किंवा मका बहुतेक कुत्र्यांना नीट पचतो. धान्यविरहित खाद्यात पिष्ट नसते असेही नाही. त्यात धान्याऐवजी वाटाणा, मसूर, हरभरा किंवा बटाटा असतो. अशा खाद्याचा हृदयाचे स्नायू दुर्बळ होऊन हृदय फुगण्याच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याइतका पुरावा नसल्याचे सांगून २०२२ अखेर त्याविषयीची नियमित माहिती देणे थांबवण्यात आले. धोका सिद्ध झाला नाही, तसा फायदाही झालेला नाही. त्यामुळे पशुवैद्यकाने विशिष्ट धान्याची अ‍ॅलर्जी सांगितली नसेल, तर केवळ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दोन पाकिटांची तुलना कशी करायची?

ओल्या आणि कोरड्या खाद्याचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. कोरड्या खाद्यात २२ टक्के प्रथिने आणि १० टक्के पाणी असेल, तर पाणी वगळता प्रथिने २४.४ टक्के भरतात. ओल्या खाद्याच्या पाउचवर प्रथिने केवळ ८ टक्के दिसतात. पण त्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या भागात प्रथिने ३६ टक्क्यांहून अधिक असतात.

किमतीचेही तसेच. दहा किलो वजनाच्या, नसबंदी केलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. समजा एक खाद्य २०० रुपये किलो असून १०० ग्रॅममध्ये ३२० किलोकॅलरी देते. दुसरे ३०० रुपये किलो असून ४०० किलोकॅलरी देते. पहिले रोज सुमारे १९७ ग्रॅम लागेल, खर्च ३९ रुपये. दुसरे सुमारे १५८ ग्रॅम लागेल, खर्च ४७ रुपये. किलोच्या भावातला दीडपटीचा फरक रोजच्या वाटीत वीस टक्क्यांवर येतो. पाकिटावर कॅलरी छापलेल्याच नसतील तर ही तुलना करता येत नाही आणि कुत्र्याला किती वाढायचे हेही कळत नाही.

प्रमाणही दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, तेच खाद्य पाव हिस्सा कमी मिळालेले कुत्रे आपल्या भावंडांपेक्षा सरासरी पावणेदोन ते दोन वर्षे अधिक जगले.

पिल्लांच्या बाबतीत काय वेगळे?

पिल्लाला केवळ दूध-पोळी किंवा चिकन-भात दिल्यास कॅल्शियम कमी पडते आणि पाय वाकतात. ही भीती मनात असल्याने अनेक घरांत पिल्लांचे तयार खाद्य देऊनही वर कॅल्शियमचे औषध पाजले जाते. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना हे महागात पडू शकते. लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शरीरात शोषले जाते आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणूनच मोठ्या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के ठेवली आहे. परिपूर्ण खाद्य चालू असेल तर पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय कॅल्शियम देऊ नये. शाकाहारी श्वानखाद्याबाबतही कसोटी तीच, ते परिपूर्ण आहे का? कुत्र्याला असा आहार चालू शकतो. मात्र मांजराला टॉरिनसारखे घटक आहारातूनच मिळावे लागत असल्याने कुत्र्याचे खाद्य मांजराला देणे धोक्याचे असते.

सुट्टे खाद्य घ्यावे का?

अनेक दुकानांत मोठे पोते फोडून खाद्य किलोवर सुट्टे विकले जाते. ते स्वस्त पडते, पण घटक, निर्मितीचा महिना, बॅच क्रमांक सगळे पोत्यावरच राहते. शिवाय हवा लागून त्यातील चरबी खवट होते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर पावसाळ्यातील दमट हवेने बुरशीची भीती वाढते. मका, शेंगदाणा यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला मारक विष तयार होते आणि ते शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. अमेरिकेत २०२० अखेर अशा दूषित खाद्याची एक नाममुद्रा परत मागवण्यात आली. जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून अधिक पाळीव प्राण्यांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. महिनाभरात संपेल एवढीच पिशवी घेणे, खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि कुबट वास येताच ते फेकून देणे हा साधा उपाय आहे.

कंपनीला काय विचारावे आणि तक्रार कुठे करावी?

जागतिक पातळीवरील लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना ‘डब्ल्यूएसएव्हीए’ खाद्याचे क्रमांक लावत नाही, तर कंपनीला प्रश्न विचारायला सांगते. खाद्याची कृती कोण ठरवते आणि त्याची पात्रता काय? उत्पादन स्वतःच्या कारखान्यात होते की दुसऱ्याकडून करून घेतले जाते? प्रत्येक बॅचची कोणती तपासणी होते? पोषणमूल्यांचे प्रत्यक्ष आकडे मिळतील का? पाकिटावरील ग्राहक क्रमांकावर हे विचारता येते. स्पष्ट उत्तर न देणारी कंपनी कितीही महाग खाद्य विकत असली तरी तिच्याकडे पर्याय म्हणून पाहू नये.

खाद्य बदलल्यावर उलट्या, जुलाब, जेवण टाळणे, सुस्ती किंवा कावीळ दिसल्यास ते लगेच थांबवून पशुवैद्यकाकडे जावे. पिशवी टाकून न देता बॅच क्रमांकाचे छायाचित्र, पावती आणि थोडा नमुना जपून ठेवावा. अन्न प्राधिकरणाचा मार्ग येथे बंद असला तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाची तरतूद खुली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे दोष सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र तक्रारदारावर येते आणि सुट्टे खाद्य घेतलेल्याच्या हाती त्यासाठी बहुधा काहीच नसते.