बँक आपला रिपोर्ट वाचते, आपण कधी वाचणार?

मे २०२५ मध्ये, खरिपाच्या तोंडावर, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना तंबी दिली: पीककर्जासाठी शेतकऱ्याला सिबिल विचारू नका, विचाराल तर गुन्हे दाखल करू. ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं. कर्जासाठी अमुक इतका स्कोअर हवाच, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं नाही आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं त्यात होतं. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र या दोन्ही बातम्या 'सिबिलची अट रद्द' अशा मथळ्याखाली फिरल्या.

अट रद्द झालेली नाही. पहिल्या कर्जदारापुरता दिलासा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण कर्ज द्यायचं की नाही हे बँक स्वतःच्या धोरणानुसारच ठरवते आणि त्यासाठी आपला रिपोर्ट पाहते. याच दोन बातम्यांच्या मध्ये, जून २०२५ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. स्टेट बँकेत अधिकारी म्हणून निवड झालेल्या एका उमेदवाराची नियुक्ती त्याच्या थकबाकीच्या इतिहासामुळे रद्द झाली होती. जाहिरात निघाली त्या तारखेला आपल्याकडे काहीच बाकी नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. बाकी फेडली तरी थकल्याची नोंद राहते, हे बँकिंगच्या परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नीट लक्षात घ्यायला हवं.

ही नोंद ठेवतं कोण? आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण सिबिल ही एक कंपनी आहे, आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. तिच्यासोबत एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत. २००५ च्या क्रेडिट इन्फॉर्मेशन कंपनीज कायद्याखाली या चारही कंपन्या चालतात. बँका, फायनान्स कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले आपल्या प्रत्येक कर्जाची माहिती त्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला कळवणं बंधनकारक झालं, पूर्वी महिना लागायचा. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. तो स्कोअर.

आमच्या मते लोक नको त्या गोष्टीकडे बघतात. स्कोअर ७४० आहे की ७६०, यावर मुलं तासभर बोलतात. पण हा आकडा ज्या चार-पाच पानांवरून निघाला, ती पानं कुणी उघडलेली नसतात. चूक असते ती त्या पानांत. आकड्याशी भांडता येत नाही, नोंदीशी येतं.

स्कोअर काढताना पगार धरला जात नाही, शिक्षण धरलं जात नाही, जात तर नाहीच. म्हणून हा आकडा सगळ्यांना सारखा, असं बँकवाले सांगतात. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे. आपल्या आजीने सावकाराचे पैसे वर्षानुवर्षं दिवस न चुकवता फेडले. आईने भिशी एकदाही बुडवली नाही. सोनाराकडे गहाण ठेवलेलं मंगळसूत्र दर वेळी सोडवून आणलं. यातलं एक अक्षर कोणत्याही रिपोर्टमध्ये नाही. ज्या घरांत दोन पिढ्या बँकेशी व्यवहार आहे, त्यांची शिस्त कागदावर आली. आपली आली नाही, आणि जी पहिली नोंद आली ती बहुतेक वेळा सगळ्यात महाग कर्जाची होती: मोबाइलचा हप्ता, अॅपवरचं पाच हजारांचं कर्ज, नाहीतर मायक्रोफायनान्स.

मायक्रोफायनान्सपाशी थोडं थांबू, कारण वस्तीत सगळ्यात जास्त गुंता तिथेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज मायक्रोफायनान्समध्ये मोडतं. अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असंही नियम सांगतो. प्रत्यक्षात बाई गटात बसते, सही करते आणि पैसे घेऊन जातो कुणी दुसराच. दिराला रिक्षा घ्यायची असते, शेजारणीला आधीच दोन कर्जं असल्यामुळे तिसरं मिळत नसतं. 'तुझ्या नावावर काढून दे, हप्ता मी भरते.' हा व्यवहार विश्वासावर चालतो आणि बरेचदा नीट पारही पडतो. पण शेजारीण गाव सोडून गेली, की थकबाकी राहते सही करणारीच्या नावावर. चार वर्षांनी तिच्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून तिचं नाव लागतं, तेव्हा बँकेचा साहेब स्क्रीन फिरवून दाखवतो. त्या क्षणापर्यंत तिला हे ठाऊक नसतं.

दुसरा प्रकार वसुलीचा. हप्ता घ्यायला येणारा पैसे घेतो, कार्डावर सही कधी करतो, कधी नाही. पैसे पुढे जमा झालेच नाहीत तर रिपोर्टमध्ये हप्ता चुकलेलाच दिसतो. आमच्याकडे अशा तक्रारी घेऊन आलेल्या ज्या बायांनी कार्ड जपून ठेवलं होतं, त्यांची बाजू मांडता आली. ज्यांचं कार्ड 'कर्ज संपलं' म्हणून चुलीत गेलं, त्यांच्यासाठी फार काही करता आलं नाही. कर्ज संपलं की नाहरकत दाखला घ्यायचा आणि तो जातीच्या दाखल्याच्या फाइलमध्येच ठेवायचा, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

जामीनदाराचंही असंच. मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये येतं, आणि मित्राने हप्ते थकवले तर डाग दोघांना लागतो. कार्यकर्ता म्हणून ज्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, त्याने आपला रिपोर्ट सगळ्यात आधी काढावा.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. ही सवलत संपते त्या महिन्यात बँकेचा निरोप जुन्या हॉस्टेलच्या पत्त्यावर जातो, मोबाइल नंबर बदललेला असतो आणि पहिलाच हप्ता चुकतो. त्याची नोंद मुलाच्या आणि बापाच्या, दोघांच्या रिपोर्टमध्ये पडते. नोकरी लागली नसेल तर गप्प बसण्यापेक्षा बँकेत अर्ज देऊन मुदत वाढवून मागणं केव्हाही बरं.

आता रिपोर्ट कसा वाचायचा ते. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा आदेश आहे. कंपनीच्या वेबसाइटवर पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकून तो मिळतो. त्याच पानावर महिन्याचं पॅकेज विकायला ठेवलेलं असतं, ते घ्यायची गरज नाही. एका कंपनीच्या रिपोर्टवर थांबू नका. मायक्रोफायनान्सचं कर्ज एकीकडे स्पष्ट दिसतं आणि दुसरीकडे सापडत नाही, असं घडतं. चार रिपोर्ट वर्षभरात विभागून मागवले तर दर तीन महिन्यांनी एक नजर फिरते, तीही फुकटात. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही अफवा कुणी पसरवली माहीत नाही, पण तिने बरंच नुकसान केलं आहे. स्कोअरवर परिणाम होतो तो तुम्ही आठवड्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकता तेव्हा, कारण प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

सुरुवात नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता यांपासून करा. एकाच नावा-आडनावाची माणसं आपल्याकडे किती आहेत हे सांगायला नको. दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चिकटल्याचं आम्ही पाहिलं आहे. मग कर्जांची यादी. जे घेतलंच नाही ते दिसतंय का? २०२२ मध्ये एका कर्ज अॅपवरून लोकांच्या पॅनवर परस्पर कर्जं काढली गेल्याचं उघड झालं, तेव्हा अनेकांना ते रिपोर्ट पाहिल्यावरच कळलं. त्यानंतर प्रत्येक कर्जाखालचा महिन्यांचा तक्ता बघा. त्यात हप्ता किती दिवस उशिरा गेला ते असतं: शून्य म्हणजे वेळेवर, ३०, ६० म्हणजे तितके दिवस उशीर, आणि ९० दिवस ओलांडले की बँक खातं बुडीत गटात टाकते. शेवटी खात्याची स्थिती. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज फिटलं. 'सेटल्ड' म्हणजे ठरल्यापेक्षा कमी घेऊन बँकेने मिटवलं, आणि पुढची बँक त्याकडे वाकड्या नजरेनेच बघते. 'रिटन ऑफ' वाचून काही जण खुश होतात, कर्ज माफ झालं म्हणून. तसं नसतं. बँकेने ते आपल्या हिशेबातून बाजूला काढलेलं असतं, वसुलीचा हक्क तसाच राहतो. वसुली एजंट फोनवर 'अर्धे भरा, विषय संपवू' म्हणतो तेव्हा रिपोर्टमध्ये कोणता शब्द येणार हे लेखी विचारा.

ज्यांनी कधीच कर्ज घेतलं नाही, त्यांच्या रिपोर्टवर सिबिल उणे १ दाखवायची. ते पाहून घाबरलेली मुलं आम्हाला भेटतात. तो दोष नाही, फक्त इतिहास नाही इतकंच. वर सांगितलेलं लोकसभेतलं उत्तर नेमकं अशांसाठी आहे आणि बँकेत वाद घालायची वेळ आली तर त्याची प्रत हाताशी असू द्यावी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योगात उतरणाऱ्या महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ५ लाख उद्योजकांसाठी २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची घोषणा झाली. महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवल योजनेतही मोठा वाटा बँकेचाच असतो. योजना कागदावर कितीही आपली असली तरी शेवटचं दार बँकेचं आहे.

नोंद चुकीची निघाली तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. म्हणून तोच अर्ज त्या संस्थेलाही द्या आणि पोच घ्या. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ही भरपाई मागायला तक्रारीची तारीख आणि क्रमांक लागतो, म्हणून स्क्रीनशॉट काढा. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार सीएमएस पोर्टलवर करायची, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

'दोन हजारांत स्कोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्यांना मात्र दारात उभं करू नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला फुकटचा रस्ता आहे.

मतदार यादीत नाव तपासायला आपण घरोघरी जातो, तसंच हे काम आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर एक टेबल मांडायचं, दोन मुलं मोबाइल घेऊन बसतील, एवढ्याने सुरुवात होते. एकच पथ्य कडक पाळावं लागेल. ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा, पॅनचा फोटो ग्रुपवर मागायचा नाही आणि उघडलेला रिपोर्ट ज्याचा आहे त्याच्याच मोबाइलमध्ये ठेवायचा. वस्तीत कुणावर किती कर्ज आहे ही बातमी आपल्या टेबलावरून बाहेर गेली, तर पुढच्या रविवारी तिथे कुणी बसणार नाही.