उत्तर न देणारा जीव

शाहूपुरी ही गुळाच्या सौद्यांनी नावारूपाला आलेली पेठ. तेथील जुन्या पेढ्यांवर हिशेबाची एक रीत कसोशीने पाळली जात असे. एखादी रक्कम कोणाची, ती कोणत्या खात्यात घालायची, याचा उलगडा झाला नसेल तर ती उचंत खाती ठेवली जाई. उलगडा होईपर्यंत ती बुडीत धरण्याचा अधिकार मुनिमाला नव्हता आणि मालकालाही नव्हता.

रकमेच्या बाबतीत पाळली जाणारी ही सावधगिरी माणसाच्या बाबतीत मात्र सुटते. पक्षाघाताने कोसळलेले अण्णा अतिदक्षता विभागातून घरी येतात. डोळे उघडतात, मिटतात. झोप आणि जाग यांचा क्रम चालू असतो. पण हाकेला ओ नाही. नाकातल्या नळीने अन्न जाते. महिने उलटतात, घरातली माणसे थकतात, आणि एके दिवशी त्यांच्या उशाशीच कोणीतरी म्हणते, ‘‘अण्णांना आता काही कळत नाही.’’ पुढे वाटणीची बोलणीही त्याच खोलीत सुरू होतात. एखादा आप्त हलक्या आवाजात सुचवतो, ‘‘सल्लेखनेचा संकल्प देऊन नळी काढावी काय?’’

‘काही कळत नाही’ हे वाक्य खरे आहे काय, हा पहिला प्रश्न. मेंदूमृत्यू ही अवस्था वेगळी. तिच्या ठरावीक चाचण्या आहेत आणि ती मृत्यूच मानली जाते. परंतु जो रुग्ण जागा असतो आणि प्रतिसाद देत नाही, त्याच्याविषयी वैद्यकशास्त्र आता पूर्वीइतके निःशंक राहिलेले नाही. २००६ साली एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका तरुणीला ‘टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करा’ असे सांगून तिच्या मेंदूचे चित्रण केले. निरोगी माणसाच्या मेंदूत जी हालचाल दिसते तीच तिच्या मेंदूत दिसली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, सांगितलेली कृती करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत सूचना समजल्याच्या खुणा आढळल्या. उलट, सूचना पाळून दाखवणाऱ्या रुग्णांपैकीही निम्म्याहून अधिक जणांत या चाचणीला खूण सापडली नाही. तेव्हा खूण न मिळणे हा जाणीव नसल्याचा पुरावा होत नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न एका खाटेपाशी बेचाळीस वर्षे पाहिला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यांचे अन्न थांबवू द्यावे, अशी विनंती लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयाला केली. ज्या परिचारिकांनी त्यांना वर्षानुवर्षे भरवले, न्हाऊ घातले, अंगाला एकही शय्याव्रण होऊ दिला नाही, त्यांनी या विनंतीला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने विनंती नाकारली. मात्र उपचार थांबवण्याचा मार्ग कडक अटींवर खुला केला. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे निधन झाले. त्यांना काय कळत होते, हे अखेरपर्यंत कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नाही. परिचारिकांची सेवा मात्र त्या उत्तरासाठी अडून राहिली नव्हती.

जैन दर्शनाला ही दृष्टी परकी नाही. उपयोग, म्हणजे जाणण्या-पाहण्याची शक्ती, हे जीवाचे लक्षण मानले आहे. ज्ञानावरणीय कर्माने ती झाकली जाते, समूळ नष्ट होत नाही. पाण्यातला, मातीतला एकेंद्रिय जीव कधीच उत्तर देत नाही. तरीही त्याची विनाकारण हिंसा टाळली जाते. मग घरातल्या पंचेंद्रिय मनुष्याला ‘उत्तर देत नाही’ म्हणून वजा कसे करावे?

सल्लेखनेचे नाव येथे घेणे तर अधिकच चुकीचे. ती जागेपणी, स्वतःच्या संकल्पाने घ्यायची असते. भोजचे सुपुत्र आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली ती दृष्टी मंदावल्याने अहिंसेचे पालन अशक्य होऊ लागले म्हणून. आणि उपवासाच्या काळातही त्यांनी मराठीतून उपदेश केला. दुसऱ्याने बेशुद्ध माणसाच्या वतीने घेतलेला निर्णय योग्य असू शकेल, पण त्याला व्रत म्हणता येणार नाही.

याचा अर्थ यंत्रे अखंड चालूच ठेवावीत असा नव्हे. जाणीव असेल तर वेदनाही असू शकते; निष्फळ उपचार लादणे ही दया नव्हे. म्हणूनच ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. २०२३ साली त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही, आणि एक प्रत महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची तपासणी आवश्यक असते. मृत्युपत्र करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा कागदही त्याच बैठकीत करावा. मुलांच्या माथ्यावरचा मोठा भार उतरेल.

कागद नसेल, तर घरच्यांनी घाई करू नये. तपासणी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा करून घ्यावी. वेदनेवर इलाज करावा. अंग पुसताना, कूस बदलताना आधी सांगावे, ‘‘अण्णा, आता या कुशीवर वळवतो.’’ सकाळी णमोकार त्यांच्या कानाशी म्हणावा. आणि वाटणीची बोलणी करायची असतील, तर ती दुसऱ्या खोलीत करावीत.