बटण कोणत्या तारेत?

बटण बंद केल्यावरही एलईडीचा दिवा अंधूक तेवत असलेला तुम्ही पाहिला असेल. अशा वेळी दोष दिव्यालाच दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदा तारजोडणीतील चूक दाखवीत असतो!

जुन्या ६० वॅटच्या दिव्याला सुमारे पाव अँपिअर प्रवाह लागे. किरकोळ गळतीने त्याची तार तापत नसे. एलईडी मात्र मिलिअँपिअरच्या अंशावरही तेवतो. एवढा प्रवाह बटणातील निऑन दर्शकातून येतो, शेजारून गेलेल्या तारांमुळे येतो, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवल्याने येतो. हे तिसरे कारण घातक. कारण बटण बंद असले तरी होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब कायम राहतो.

पेण तालुक्यातील जिते-हमरापूर भागात गणेशमूर्तींच्या कारखान्यांत ऐन पावसाळ्यात काम चालते. जमीन दमट, हात ओले. अशा हातांनी दिवा बदलायचा, तर गाठ जिवाशी आहे!

शाळेत आपण विद्युतघट, दिवा व बटण जोडतो. तेथे बटण कोणत्याही तारेत घाला, फरक पडत नाही. घरात मात्र पडतो. कारण न्यूट्रल तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते, फेज नसते. हा फरक त्याच तासाला सांगितला पाहिजे, असे शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आणि मुलांनो, शंका तुम्ही काढा. जोडणीला हात मात्र परवानाधारक वायरमननेच, मेन स्विच बंद करून, लावावा.