पावतीच्या पाठीवरचा कायदा

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ मोबाईलच्या पावतीवर आजही दिसते. वस्तुतः सदोष माल पावतीतील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ग्राहकाला सेवाकेंद्राकडे पिटाळतो. बिघडलेल्या फोनचे हप्ते मात्र बिनबोभाट कापले जातात. ज्यातले अक्षरही सही करणाऱ्याला बदलता येत नाही, त्याला म्हणे करार! अशा अन्याय्य करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय कायद्यात आहे. पण जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे. दहा हजारांच्या फोनसाठी गडचिरोलीच्या मजुराने तिथवर जावे काय? हा अधिकार जिल्हा आयोगांना मिळालाच पाहिजे. तोवर ३० दिवसांचे कलम कार्यकर्त्यांनी दुकानादुकानांत वाचून दाखवावे.