दादाच्या गाडीला मोठा चार्जर

खोडदहून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलं आहे. त्याच्या घरी सध्या भांडण चालू आहे म्हणे! चुलतभावाने, म्हणजे दादाने, विजेची मोटारसायकल घेतली. बॅटरी भरायला पाच तास लागतात. दादाला कुणीतरी स्वस्तात मोठा चार्जर देतो आहे, त्याने ती तासाभरात भरेल. आप्पा म्हणतात, घर पेटवशील. दादा म्हणतो, जाड पाइप लावला की टाकी लवकर भरते, यात पेटण्यासारखं काय आहे? "तुम्हीच सांगा, कोण बरोबर?" असं विचारून आमच्या मित्राने आम्हाला मधे ओढलं आहे.

चला तर, वही-पेन्सिल घ्या. आधी हिशेब करू.

पुण्याच्या टॉर्क मोटर्सने जानेवारी २०२२ मध्ये क्रॅटोस नावाची विजेची मोटारसायकल बाजारात आणली. तिची बॅटरी ४ किलोवॅट-तासांची. किलोवॅट-तास म्हणजे घरच्या वीजबिलावर असतं तेच युनिट. दादाची गाडी कुठलीही असो, आपण हीच ४ युनिटं धरून चालू. आता ८०० वॅटचा चार्जर घेतला, तर ४००० भागिले ८००, झाले ५ तास. तेच काम एका तासात उरकायचं तर ४००० वॅट लागणार. घरात दाब २३० व्होल्ट, म्हणजे प्रवाह झाला १७ अँपिअरच्या वर. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, ती मिळवली तर १९ अँपिअर. आपल्या घरातला मोठा सॉकेट असतो १६ अँपिअरचा, आणि मोबाइल लावायचा छोटा असतो ६ चा. गेली की नाही गाडी पहिल्याच वळणावर? त्यातून गावाकडे संध्याकाळी दाब उतरतो. दाब उतरला की तेवढेच वॅट ओढायला चार्जर आणखी जास्त प्रवाह घेतो.

हे झालं भिंतीपाशी. बॅटरीपाशी तर याहून मोठे आकडे आहेत. ४८ व्होल्टच्या बॅटरीत ८०० वॅट घालायचे तर सुमारे १७ अँपिअर पुरतात, ४००० वॅटना ८३ लागतात. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववी-दहावीच्या मुलांना माहीत असेलच. प्रवाह पाचपट, तर दर सेकंदाची उष्णता पंचवीसपट! वेळ पाचवा हिस्सा झाला हे खरं, तरीही एकूण उष्णता पाचपट होते, आणि तीही एका तासात कोंबलेली. कंपनीने तार, जोडणी, फ्यूज हे सगळं १७ अँपिअर डोळ्यांपुढे ठेवून बसवलेलं असेल, तर ८३ अँपिअरला त्याचं काय होईल ते आप्पांना बरोबर कळलं आहे.

पण समजा, तारा जाड घातल्या. मग? मग दादाच्या टाकीच्या उपमेकडे वळू. उपमा छान आहे, फक्त बॅटरी टाकीसारखी नसते. ती एस.टी.सारखी असते. नारायणगावच्या स्टँडवर रिकामी गाडी लागली की पहिले वीस-पंचवीस जण भराभर चढतात आणि जागा पकडतात. पुढच्यांना जागा शोधावी लागते, आणि शेवटच्या पाच-सातांसाठी कंडक्टरला "सरका पुढं, सरका पुढं" ओरडावं लागतं. लिथियमच्या बॅटरीत असंच होतं. चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूकडून निघतात आणि दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. (ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतलं शिसं, बरं का!) आत जागा पकडायला त्यांना वेळ लागतो. त्याहून जोरात ढकललं तर ते दारातच अडकतात आणि ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. हा साचलेला लिथियम बराचसा कायमचा वाया जातो, म्हणजे बॅटरी अकाली म्हातारी होते. कधी कधी त्याचे सुईसारखे कोंब फुटतात. दोन बाजूंच्या मधला पातळ पडदा त्यांनी भेदला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट! थंडीत आयन आणखी सुस्त होतात, त्यामुळे जुन्नरकडच्या डिसेंबरातल्या पहाटे जोरात चार्ज करणं जास्तच वाईट.

म्हणूनच शहाणा चार्जर सुरुवातीला पुरा प्रवाह देतो आणि बॅटरी भरत आली की हात आखडता घेतो. तेव्हा पाचपट चार्जर आणला तरी शेवटचा भाग रेंगाळणारच.

सगळ्यात मोठा धोका मात्र दुसराच आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. ज्या बॅटऱ्यांना सरसकट '४८ व्होल्ट' म्हणतात, त्यांतल्या काहींमध्ये १३ घटांची माळ असते, काहींमध्ये १४ ची. एक घट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. म्हणजे एकीची मर्यादा ५४.६, दुसरीची ५८.८. दोन्हींचे चार्जर दुकानात '४८ व्होल्टचा' म्हणूनच मिळतात! चौदावाला चार्जर तेरावाल्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक घट साडेचार व्होल्टपर्यंत फुगवला जाईल. बॅटरीत एक पहारेकरी असतो, त्याला बीएमएस म्हणतात. तो अशा वेळी दार बंद करतो. पण चार्जर चालेना म्हणून काही हुशार मंडळी पहारेकऱ्याला बाजूला सारून थेट बॅटरीला तारा जोडतात. दादा, हे वाचत असशील तर हे मात्र कधीही करू नकोस. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या काही स्कूटर पेटल्या, त्यांतली एक पुण्यात. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये, कडक केले. ती तपासणी कंपनीच्या जुळणीची होते, घरी केलेल्या जोडणीची नाही.

मग मोठा चार्जर लावताच येत नाही का? येतो की! अमेरिकेतल्या झीरो कंपनीने आपल्या काही मोटारसायकलींसाठी 'चार्ज टँक' नावाचा जादा चार्जर काढला. पेट्रोलची टाकी असते ना, त्या जागी तो बसायचा. पण तो त्याच गाड्यांसाठी बेतलेला होता, आणि तो पहारेकऱ्याशी बोलून प्रवाह ठरवायचा. आपल्याकडेही क्रॅटोसच्या 'आर' प्रकाराला जलद चार्जिंगची सोय दिली होती. तेव्हा दादाने आधी गाडीची पुस्तिका काढावी, जास्तीत जास्त किती अँपिअर चालतात ते पाहावं आणि कंपनीच्या केंद्रात विचारावं. चार्जर मिळाला तरी त्याला स्वतंत्र वायरिंग, एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि गाडी कडब्याच्या गंजीजवळ तर नकोच नको.

आणि एक विचारू का? रोज नारायणगावला जाऊन येण्यापुरता एखादंच युनिट लागतं. ते जुन्या चार्जरने गाडी रात्री उभी असताना भरतं. आठवड्यातून एकदा पुण्याला जायचं असेल, तर दादाचं म्हणणं रास्त आहे. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर होतात आणि ४ युनिटांत ते सहसा जमत नाहीत. पण मग चार्जर पुण्यात हवा, खोडदला नव्हे!

खोडदला तर आणखी एक शेजारी आहे, त्याचाही विचार करायला हवा. ती म्हणजे जीएमआरटी, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. चंद्रावर कोणी साधा मोबाइल चालू केला, तर तोही तिला आकाशातल्या बहुतेक साऱ्या दीर्घिकांपेक्षा ठळक दिसेल, इतके दूरवरून येणारे संकेत क्षीण असतात. म्हणून शेजारच्या विजेच्या तारांवर ठिणगी उडाली तरी शास्त्रज्ञांची झोप उडते. पुणे-नाशिक नव्या रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीमुळे अडला, हे तुमच्याकडे घरोघर बोललं जात असेल. त्यावर गावकऱ्यांची नाराजी आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. त्यातून रेडिओलहरी निसटतात. चांगल्या चार्जरमध्ये त्या अडवायला गाळणी असते. स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवायचे तर बहुधा तीच पहिली गाळतात!

हे तुम्हाला घरीच ऐकता येईल. जुना ट्रान्झिस्टर शोधा, मीडियम वेव्ह लावा आणि दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा. आता मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, टीव्ही आणि दादाच्या गाडीचा चार्जर, एकेकाजवळ तो न्या. (चार्जर उघडायचा नाही, वायरला हात लावायचा नाही.) कोण किती गुरगुरतं आणि किती पावलांवर गप्प होतं, ते वहीत लिहा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त जीएमआरटीत विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे हा तक्ता घेऊन गेलात, तर तिथल्या माणसांना तो नक्की बघावासा वाटेल. आम्हालाही त्याची एक प्रत पाठवा.